रिचार्जेबल सेल घेतलेत ना, मग आधी मार्कर शोधा

साधा सेल एकदा संपला की संपला, रिचार्जेबलमध्ये मात्र उलट्या दिशेने करंट दिला की आतली केमिकल रिअॅक्शन मागे फिरते आणि तो परत भरतो, तेही शेकडो वेळा. साधा अल्कलाइन सेल चार्जरमध्ये कधीच घालू नका, गळतो, फुटूही शकतो.

पेन्सिल सेलच्या साइझमध्ये मिळतात ते बहुतेक निकेल मेटल हायड्राइडवाले. त्यावर 1.2 व्होल्ट लिहिलेलं असतं, साध्यावर 1.5, म्हणून लोकांना वाटतं हा कमजोर. अहो, साधा 1.5 ला सुरू होतो पण वापरता वापरता घसरत जातो, हा बराच वेळ 1.2 च्या आसपास टिकून राहतो, म्हणून फ्लॅश किंवा मोटरवाली खेळणी असल्या करंट खाणाऱ्या वस्तूंना हाच बरा. भिंतीवरच्या घड्याळाला साधाच ठेवा, उगाच महागडा सेल तिथे अडकवून काय करायचंय.

आता मार्करचं. माझ्या टॉर्चमध्ये तीन सेल लागतात, एकदा दोन नवे आणि एक जुना असे घातले आणि टॉर्च मंद झाला तरी तसाच चालू ठेवला. झालं काय, जुना आधी रिकामा झाला आणि बाकीच्या दोघांनी त्याच्यातून करंट ढकलून त्याची पोलॅरिटीच, म्हणजे प्लस-मायनस, उलटी केली, तो सेल कायमचा गेला. तेव्हापासून एकत्र घेतलेल्या सगळ्या सेलवर एकच अक्षर लिहितो, एका सेटवर अ, पुढच्यावर ब, मग क, अ वाले एकत्रच वापरायचे आणि एकत्रच चार्ज करायचे.

चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा घ्या, प्रत्येकाला आपला लाइट असतो. 2000 एमएएचचा (एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-तास, सेलमध्ये किती चार्ज मावतो ते) सेल 200 मिलिअँपिअरने भरायला हिशोबाने 10 तास, पण थोडी एनर्जी उष्णतेत जाते म्हणून 14-16 लागतात. कोमट झाला तर ठीक, हातात धरवत नसेल तर काढा.

आणि ते 'पूर्ण संपवूनच चार्ज करा' हे जुन्या निकेल कॅडमियम प्रकारच्या रिचार्जेबल सेलवरून आलंय. फोनच्या लिथियम बॅटरीला तर सारखं शून्यावर नेणं उलट त्रासाचंच, ती 20 ते 80 टक्क्यांत खूश असते. फुगलेली दिसली तर दाबू नका, टोचू नका, चार्जिंग तिथेच बंद. सुटे सेल किल्ल्या-नाण्यांसोबत खिशात टाकायचे नाहीत, दोन्ही टोकं जोडली गेली की शॉर्ट होऊन चांगलाच चटका बसतो.