इंग्रजीतले ‘जवळ’ आणि ‘पर्यंत’ : या चुका टाळा

परभणीत इंग्रजी शिकवताना वह्यांमध्ये ज्या चुका वर्षानुवर्षे त्याच त्या सापडतात, त्यांतील बऱ्याच स्थळाची आणि वेळेची जवळीक सांगणाऱ्या लहान शब्दांच्या असतात. ‘निअर’, ‘बाय’, ‘अंटिल’, ‘नेक्स्ट’, ‘सून’ हे शब्द शाळेतच शिकून झाले, असे विद्यार्थी धरून चालतात आणि त्यांच्याकडे पुन्हा वळून पाहत नाहीत. एका इंग्रजी शब्दापुढे एकच मराठी अर्थ लिहिलेल्या याद्या पाठ करण्याची घाई या चुकांच्या मुळाशी आहे. मराठीत ‘जवळ’ आणि ‘पर्यंत’ हे शब्द एकटेच अनेक कामे करतात आणि नेमका अर्थ वाक्यातले क्रियापद ठरवते. इंग्रजीत मात्र त्या प्रत्येक कामाला वेगळा शब्द आहे, म्हणून यादीतला एकच शब्द सगळीकडे वापरला की वाक्य चुकते.

सर्वांत महागात पडणारी चूक ‘पर्यंत’ची आहे. ‘मी सोमवारपर्यंत फॉर्म देतो’ या वाक्यात फॉर्म देणे एकदाच घडून संपते आणि सोमवार ही त्याची शेवटची मुदत असते. ‘मी सोमवारपर्यंत गावात थांबतो’ या वाक्यात थांबणे सतत चालू असते आणि ते सोमवारी संपते. इंग्रजीत पहिल्यासाठी ‘बाय मंडे’ आणि दुसऱ्यासाठी ‘अंटिल मंडे’ म्हणतात. ‘आय विल सबमिट द फॉर्म अंटिल मंडे’ असे लिहिले, तर सोमवार उजाडेपर्यंत तुम्ही तोच फॉर्म पुन्हा पुन्हा देत राहणार, असा अर्थ निघतो.

सेलू तालुक्यातल्या माझ्या एका विद्यार्थ्याची पुण्यातल्या एका कंपनीत निवड जवळपास झाली होती आणि पुण्यात कधी येणार, एवढेच त्याला ईमेलवर विचारले होते. घरी पेरणीची गडबड असल्यामुळे 20 जूनच्या आत पोहोचतो, असे त्याला कळवायचे होते. त्याने लिहिले, ‘आय विल बी इन पुणे अंटिल 20 जून.’ वाचणाऱ्याने त्याचा अगदी सरळ अर्थ घेतला की मुलगा आताच पुण्यात आहे आणि 20 तारखेनंतर तो तिथे नसेल. त्यामुळे त्यांनी त्याला 17 जूनला सकाळी कागदपत्रे घेऊन बोलावले. त्या सकाळी हा मुलगा वडिलांबरोबर शेतात होता आणि ईमेल त्याने दुसऱ्या दिवशी पाहिली. तोपर्यंत ती जागा दुसऱ्याला दिली गेली होती. पत्राची छापील प्रत घेऊन तो माझ्याकडे आला, तेव्हा ‘सर, यात स्पेलिंगची एकही चूक नाही,’ हेच तो परत परत सांगत होता, आणि स्पेलिंगची चूक खरोखरच एकही नव्हती.

तेव्हापासून मी प्रत्येक विद्यार्थ्याला समासात एक खूण करायला लावतो. काम एका क्षणी होऊन संपणार असेल तर ठिपका द्यायचा आणि चालू राहणार असेल तर आडवी रेघ ओढायची. ठिपक्याला ‘बाय’ आणि रेघेला ‘अंटिल’. नकारार्थी वाक्यातही रेघच येते, कारण ‘बँक अकरापर्यंत उघडणार नाही’ यात बँक बंद असणे चालू राहते, म्हणून ‘द बँक वोन्ट ओपन अंटिल इलेव्हन’ हे बरोबर आहे. स्थळासाठी मात्र ‘अंटिल’ कधीही चालत नाही. ‘मी जालन्यापर्यंत गेलो’ याचे इंग्रजी ‘आय वेन्ट ॲज फार ॲज जालना’ असे होते. अधीर विद्यार्थ्यांना ठिपका आणि रेघ हा पोरखेळ वाटतो, पण अर्ज परत येतात ते बहुधा त्यांचेच.

दुसरी चूक ‘निअर फ्रॉम’ची. ‘दौलताबादचा किल्ला छत्रपती संभाजीनगरपासून जवळ आहे’ या वाक्यातला ‘पासून’ विद्यार्थी उचलतात आणि ‘निअर फ्रॉम’ लिहितात. ‘फार फ्रॉम’ बरोबर असल्यामुळे त्यांची खात्री अधिकच पक्की होते. ‘फ्रॉम’ हा शब्द अंतर मोजताना लागतो. तो किल्ला शहरापासून सुमारे 15 किलोमीटरवर आहे, हे सांगताना ‘अबाउट फिफ्टीन किलोमीटर्स फ्रॉम द सिटी’ असेच लिहायचे. अंतर न मोजता नुसते जवळ म्हणायचे असेल, तर ‘निअर’नंतर थेट ठिकाणाचे नाव येते. ‘क्लोज’ला मात्र पुढे ‘टू’ हवाच, म्हणजे ‘क्लोज टू द सिटी’. ‘निअरबाय’च्या पुढे ठिकाणाचे नाव येत नाही, ‘देअर इज अ हॉस्पिटल निअरबाय’ इथे वाक्य थांबते, आणि ‘निअरबाय ऑफ माय हाऊस’ ही रचना इंग्रजीत नाहीच. या चौघांना मी कधीही सुटे शिकवत नाही. पुढे येणाऱ्या शब्दासकट पूर्ण तुकडाच पाठ करून घेतो.

याच ‘जवळ’चा आणखी एक दगा असा, की ‘माझ्याजवळ पैसे नाहीत’ याचे इंग्रजी करताना ‘निअर मी’ येते. इथे ‘जवळ’ मालकी सांगतो, म्हणून ‘आय हॅव नो मनी’ एवढेच पुरेसे आहे.

नदीकाठच्या गावांबाबतची चूक तर निबंधांमध्ये हमखास असते. नांदेड आणि पैठण ही गोदावरीकाठची गावे आहेत, आणि काठच्या गावासाठी इंग्रजी ‘ऑन’ वापरते: ‘नांदेड इज ऑन द गोदावरी.’ ‘निअर’ लिहिले, तर नदी गावापासून थोडी दूर आहे, असे वाचणाऱ्याला वाटते. इंग्लंडमधल्या ‘न्यूकॅसल अपॉन टाइन’ या शहराच्या नावातच नदी आणि ‘अपॉन’ दोन्ही आले आहेत.

वेळेच्या जवळिकीत ‘लवकर’ हा शब्द घात करतो. ‘मी आज लवकर उठलो’ यासाठी ‘सून’ लिहिणारे फार आहेत. ‘सून’ म्हणजे एखाद्या क्षणापासून थोड्याच वेळात, तर ‘अर्ली’ म्हणजे ठरलेल्या किंवा नेहमीच्या वेळेच्या आधी. म्हणून उठण्याला ‘अर्ली’ लागते आणि ‘निकाल लवकरच लागेल’ याला ‘सून’. ‘दोन दिवसांपूर्वी’ हे आजपासून मागे मोजलेले असेल, तर ‘टू डेज अगो’ असेच लिहावे. ‘बिफोर टू डेज’ या अर्थाने चालत नाही. ‘दोन तासांनी येतो’ याला ‘इन टू अवर्स’ लिहावे, आणि त्याआधी कधीही येणार असाल तर ‘विदिन’. ‘ऑन टाइम’ म्हणजे ठरलेल्या वेळी, ‘इन टाइम’ म्हणजे उशीर होण्याच्या आत. ‘निअरली’ म्हणजे जवळजवळ, त्याचा पत्त्याशी संबंध नाही. ‘बिसाइड’ म्हणजे शेजारी, ‘बिसाइड्स’ म्हणजे शिवाय.

‘नेक्स्ट’ आणि ‘निअरेस्ट’ यांचा घोळ समजण्यासारखा आहे. जुन्या इंग्रजीत जवळ या अर्थाचा जो शब्द होता, त्याचे ‘सर्वांत जवळचा’ असे रूप म्हणजेच आजचे ‘नेक्स्ट’. तो जुना अर्थ फॉर्मवरच्या ‘नेक्स्ट ऑफ किन’मध्ये, म्हणजे सर्वांत जवळच्या नातेवाइकात, अजून टिकून आहे. स्टेशनांबाबत मात्र आज दोन्ही शब्द वेगळे आहेत. गाडी परभणीहून नांदेडकडे निघाली की ‘नेक्स्ट’ म्हणजे पुढे येणारे स्टेशन, भले नुकतेच मागे पडलेले परभणी अंतराने ‘निअरेस्ट’ असो.

तारखांच्या बाबतीत ‘नेक्स्ट संडे’वर विसंबू नये. शुक्रवारी कोणी हा शब्द वापरला, तर परवाचा रविवार की त्यानंतरचा, यावर इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यातही एकमत होत नाही. मी पत्रात हा शब्द वापरतच नाही आणि वाराबरोबर तारीख लिहितो. मुलाखतीच्या पत्रात समोरच्याने ‘नेक्स्ट संडे’ लिहिले असेल, तर त्याच दिवशी उत्तर पाठवून तारीख पक्की करून घ्यावी.