कॉक्लियर न्यूक्लियसमधल्या पेशींचा नकाशा : या चुका टाळा

कॉक्लियर न्यूक्लियस म्हणजे कानाकडून येणारे संदेश मेंदूत सर्वांत आधी जिथं पोचतात तो भाग. उंदराच्या या भागातल्या एकेका पेशीकेंद्रकाचा आरएनए वाचून गट पाडताना एखादा ‘नवा प्रकार’ हाती लागला, तर आधी आपल्याच नमुन्यावर शंका घ्या.

पहिली गडबड कापताना होते. डॉर्सल म्हणजे पाठीकडच्या भागाला सेरेबेलम (लहान मेंदू) खेटूनच असतो. ब्लेड जरा सरकलं की तिथल्या ग्रॅन्यूल (बारीक चेतापेशी) नमुन्यात येतात. त्या पाहून काही कळत नाही, कारण ग्रॅन्यूल आणि युनिपोलर ब्रश पेशी दोन्हीकडे असतात. सेरेबेलमच्या पर्किंजे पेशींसारखी जनुकं दिसली म्हणूनही लगेच नमुना फेकू नका. कॉक्लियर न्यूक्लियसमधल्या कार्टव्हील पेशी त्यांच्याच भाऊबंदकीतल्या. शोधायच्या त्या बर्गमन ग्लिया, म्हणजे सेरेबेलममधल्या आधारपेशी. त्यांचा गट दिसला, की सेरेबेलम आलाच.

दुसरी गडबड जोडकेंद्रकांची. एकेक केंद्रक वेगळ्या थेंबात पकडणाऱ्या यंत्रातून १०,००० केंद्रकं घेतली, तर यंत्राच्या पिढीनुसार साधारण ४ ते ८ टक्के थेंबांत दोन-दोन सापडतात. ग्रॅन्यूल पेशी भरमसाट, म्हणून जोडीतलं एक केंद्रक बहुधा त्यांचंच. बुशी (इथल्याच मोठ्या चेतापेशी) आणि ग्रॅन्यूल दोघांच्याही खुणा मिरवणारा गट म्हणजे बहुतेक वेळा हीच जोडी. ती गाळायला आरएनएच्या संख्येवर सरसकट वरची मर्यादा लावली, तर मोठ्या पेशी बळी जातात. खालची मर्यादा चढवली तर ग्रॅन्यूल गळतात. मर्यादा गटागणिक ठरवा. ऑक्टोपस नावाच्या चेतापेशी मेंदूच्या एका बाजूला जेमतेम दोनशेच्या घरात, तेव्हा एका उंदरावर भागत नाही. अनेकांचे नमुने एकत्र करा.

वयाचंही पाहा. सी-५७ ब्लॅक-६ या वाणाच्या उंदरांना काही महिन्यांतच उंच स्वर ऐकू येईनासे होतात. प्रौढ नमुन्याला सीबीए वाणाचे बरे.

आता मराठवाड्याचं. मे महिन्यात पारा ४२ अंशांवर असताना टेबलावर ठेवलेलं बफर बघता बघता कोमट होतं. १ टक्का बीएसए (एक प्रथिन) आणि मायक्रोलिटरला ०.२ युनिट आरएनेज इनहिबिटर (आरएनए तुटू न देणारं द्रव्य) घातलेलं बफर बर्फातच ठेवा. सेंट्रिफ्यूज ४ अंशांना, ५०० जी, ५ मिनिटं. थंड न होणारं सेंट्रिफ्यूज असेल तर काम पुढं ढकला. लाईट गेल्यावर उणे ८० च्या फ्रीजरचं दार उघडू नका. कृत्रिम रेतनाला वापरतात तसलं द्रव नायट्रोजनचं कॅन हाताशी असलेलं उत्तम.

शेवटी पॅच-सीक्वेन्सिंगनं, म्हणजे एकाच पेशीचे विद्युत ठोके मोजून तिचाच आरएनए वाचून, पडताळा. करंट दिल्यावर बुशी पेशी सुरुवातीला एखाददुसराच ठोका देते, टी-स्टेलेट पेशी देतच राहते. ऑक्टोपसचा इनपुट रेझिस्टन्स (करंटला होणारा पेशीचा विरोध) १० मेगाओहमच्याही आत असतो. नवखी पोरं पेशी आणि काचनळीमधलं सील सुटलं समजून चांगली पेशी सोडून देतात.