भाचीची कवटी, मावशीचं हसू: इमोजी वाचताना या चुका टाळा

मागच्या गणेश चतुर्थीला माझे मोदक फुटले. उकड जरा कोरडी राहिली होती. चाळणीवरचं झाकण काढलं तर सारण बाहेर आणि कळ्या बसलेल्या. तो फोटो मी पुण्यात शिकणाऱ्या माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीला पाठवला. मिनिटभरात उत्तर आलं, "मावशी 💀💀😭". पुढे एक अक्षर नाही. दोन कवट्या आणि धाय मोकलून रडणारा चेहरा पाहून माझ्या पोटात धस्स झालं. तिच्याकडे काहीतरी विपरीत घडलंय असं वाटून मी लगेच फोन लावला. ती बसस्टॉपवर उभी होती आणि हसत होती. "अगं मावशी, हसून हसून मेले असं म्हणतेय मी!"

त्याच फोनवर तिने मला दुसरी गोष्ट सांगितली आणि ती मला जास्त लागली. "तू ते 🙂 पाठवतेस ना, तेव्हा मला दरवेळी वाटतं तू चिडली आहेस." परीक्षेच्या सकाळी "नीट लिही 🙂", हॉस्टेलवर पोचल्याचं कळवलं की "बरं 🙂". मी मायेने पाठवत होते. तिला ते ओठ मिटून, डोळ्यांनी न हसता केलेलं हसू दिसत होतं. दीड वर्ष हे असंच चाललं होतं.

मी अकरावी-बारावीला मराठी शिकवते. त्यानंतर मी माझ्या विद्यार्थ्यांना विचारत गेले, त्यांनी दाखवलेले मेसेज वाचत गेले. ज्या चुका माझ्या झाल्या आणि ज्या घरोघरी होताना दिसतात, त्या इथे लिहिते.

चित्राचा शब्दार्थ लावणं

💀 म्हणजे मरण नव्हे, "मेलो!" आहे. मराठीत आपण हे पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोय: हसून मेले, लाजेने मेले. मुलांनी फक्त त्याचं चित्र केलं. 😭 ची गोष्ट तशीच. मुलं तो हसू आवरेना म्हणून वापरतात, मांजराचं पिल्लू फार गोड दिसलं म्हणून वापरतात, आणि खरंच रडू आलं तरीही वापरतात.

मग हसून डोळ्यांत पाणी आलेला 😂 कुठे गेला? २०१५ साली ऑक्सफर्ड डिक्शनरीने वर्षाचा शब्द म्हणून चक्क हाच चेहरा निवडला होता. तो इतका वापरला गेला की त्यातला जोर संपला, आणि आता अनेक तरुणांना तो आईबाबांच्या ग्रुपवरचा वाटतो. हसण्याची ती जागा कवटीने आणि रडक्या चेहऱ्याने घेतली.

गोंधळ झाला तर आपण त्याआधी काय पाठवलं होतं ते पाहावं. गमतीचा फोटो, फजिती, विनोद असेल तर कवटी म्हणजे दाद. आधी गमतीचं काहीच नसेल तर मात्र विचारावं.

🙂 आणि 👍 बिनधास्त पाठवणं

सगळ्यात जास्त गैरसमज याच दोघांमुळे होतात, आणि ते आपण मोठी माणसं करतो. 🙂 या चेहऱ्याचं युनिकोडमधलं (अक्षरं आणि इमोजी ठरवणाऱ्या जागतिक प्रणालीतलं) नावच "किंचित हसणारा चेहरा" असं आहे. शेजारी गालांवर लाली असलेले, डोळे मिटून हसणारे, बदाम उधळणारे चेहरे असताना कुणी नेमका हा उचलला, तर तरुण वाचकाला त्यात हात आखडलेला दिसतो. "बरं" आणि "बरं." यांत त्यांना जो फरक जाणवतो, तोच इथे. पूर्णविराम आला म्हणजे दार लोटलं.

त्याचाच उलटा भाऊ 🙃. "वा, उद्या पेपर आणि आत्ता लाइट गेली 🙃" या वाक्यातलं "वा" खरं नाही हे तो उलटा चेहरा सांगतो. मी वर्गात व्याजस्तुती शिकवते: वरवर स्तुती, आतून निंदा, किंवा त्याच्या उलट. "फार हुशार आहेस हो!" हे आपण कुठल्या सुरात म्हणतो त्यावर शाबासकी की टोमणा ते ठरतं. लिहिलेल्या मेसेजमध्ये सूर नसतो. मुलांनी तो सूर भरायला चिन्हं शोधली, आणि ती भाषेच्या जाणिवेतूनच शोधली असं माझं ठाम मत आहे. "या पिढीला भाषा येत नाही" असं कुणी म्हटलं की मला म्हणूनच वाईट वाटतं.

👍 ने मोठी माणसं "मिळालं, ठीक" असं सांगतात. मुलं त्यात "विषय संपला" असं वाचतात. व्हॉट्सअॅपने २०२२ मध्ये मेसेजवर प्रतिक्रिया देण्याची सोय आणली तेव्हा सुरुवातीच्या सहा चिन्हांत हा अंगठा पहिलाच होता, त्यामुळे तो सहज दाबला जातो. मुलीने चार ओळी लिहून मनातलं सांगितलं आणि आपण अंगठा लावला, तर तिला काय वाटेल याचा विचार करावा. यावर उपाय सोपा आहे: चिन्हाआधी दोन शब्द. "हो गं, वाचलं. संध्याकाळी बोलू 👍" यात कुणाला राग दिसत नाही.

अंगठ्याचा अर्थ न्यायालयांनाही लावावा लागला आहे. कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकऱ्याने जवस खरेदीच्या कराराचा फोटो आल्यावर 👍 पाठवला होता. २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाने ती संमतीच धरली आणि माल न दिल्याबद्दल ८२ हजार कॅनेडियन डॉलरहून जास्त भरपाई द्यायला लावली. आपल्याकडे २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयासमोर रेल्वे सुरक्षा दलाच्या एका जवानाचं प्रकरण आलं. वरिष्ठाच्या हत्येबद्दलच्या ग्रुपवरच्या मेसेजला त्याने अंगठा दिला म्हणून त्याची नोकरी गेली होती. मेसेज पाहिला एवढाच त्याचा अर्थ होऊ शकतो, असं मानून न्यायालयाने त्याला दिलासा दिला. चिन्ह एकच, पण कोणी कुणाला कशावर पाठवलं यावरून निकाल दोन टोकांचे लागले. व्यवहाराच्या बोलण्यात तरी शब्द लिहावेत.

जोडी तोडून वाचणं

खरी गंमत दोन-तीन चिन्हं एकत्र येतात तेव्हा असते. सुटं सुटं वाचलं की अर्थ हातचा जातो.

😭🙏 घ्या. आपल्याला वाटतं कुणीतरी रडत देवाला साकडं घालतंय. मित्राने भलतंच काही विधान केलं की मुलं लिहितात, "भावा 😭🙏". म्हणजे "हात जोडले बाबा तुझ्यापुढे, आता बस कर!" हा वाक्प्रचार माझी आजी रोज वापरायची. मुलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनाही नवल वाटलं.

🤓☝️ ही नक्कल आहे. चष्मा लावून बोट वर करणारा, कुणी न विचारता चूक काढणारा अतिशहाणा. कुणाच्या बोलण्याखाली ही जोडी आली तर त्याला "झालं का तुझं शहाणपण?" असं म्हटलंय. आणि सुकलेला गुलाब, 💔🥀: कँटीनमधले वडे संपले, एवढ्यासाठी मुद्दाम मोठं केलेलं दुःख. 🥺👉👈 म्हणजे लाडीगोडी, "एक मागू का?" हे लाजत विचारणं, बहुतेक वेळा नाटकी. शब्दाच्या दोन्ही बाजूंना ✨ चमचम लावली की तो शब्द टोमण्यात गेला असं समजावं: "आज आमच्या ग्रुपने ✨अभ्यास✨ केला."

ईस्टर बेटावरच्या मोआई या दगडी पुतळ्यांसारखा चेहरा 🗿 अनेकांना कोडं वाटतो. या इमोजीचं रूप मात्र टोकियोत शिबुया स्टेशनजवळ असलेल्या तशाच पुतळ्यावरून आलं. आपल्या मुलांच्या हातात तो "चेहऱ्यावरची रेषही हलली नाही" एवढंच सांगतो.

यांची यादी पाठ करू नका. ती वर्षभरात शिळी होते. पाठवणाऱ्यालाच विचारा, "याचा अर्थ काय गं?" माझा अनुभव असा की मुलं फार आनंदाने समजावून सांगतात.

उपरोध आहे असं समजून खरं दुःख सोडून देणं

ही चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. सगळंच "मेलो 💀" झालं की खरोखर कोसळलेलं मूलही त्याच शब्दांत बोलतं. "जगावंसं वाटत नाही 🙂" हे वाक्य एखाद्या दिवशी पेपर अवघड गेल्याबद्दल असेल, एखाद्या दिवशी नसेल. फरक चिन्हात दिसत नाही, सवयीत दिसतो. एरवी बडबड करणारं मूल एक-दोन चिन्हांवर आलं, रात्री तीनला मेसेज येऊ लागले, जेवण-झोप बिघडली, मित्रांचा विषयच निघेनासा झाला, तर थट्टा समजू नका. फोन करा आणि थेट विचारा, "हे गमतीने म्हणालास की खरंच त्रास होतोय?" विचारल्याने काही बिघडत नाही. गमतीने असेल तर ते हसेल. गरज वाटली तर केंद्र सरकारची टेलिमानस ही मोफत मदतवाहिनी १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे आणि तिथे मराठीतही बोलता येतं.

चुकीच्या ठिकाणी, चुकीचं बोट

😂 आणि 😭 लहान स्क्रीनवर, चष्म्याशिवाय, सारखेच दिसतात. दुःखद बातमीखाली हसरा चेहरा पडलेला मी एकापेक्षा जास्त ग्रुपवर पाहिलाय आणि पाठवणाऱ्याची झोप उडालेलीही पाहिली आहे. शिवाय युनिकोड चिन्हाचा फक्त क्रमांक आणि नाव ठरवतं, चित्र प्रत्येक कंपनी आपापलं काढते. तुमच्या फोनवरचा चेहरा समोरच्याकडे थोडा वेगळा दिसू शकतो. म्हणून सांत्वनाला शब्दच वापरावेत, आणि मुलांची कवटी तर तिथे कधीच नको.

व्हॉट्सअॅपवर चूक झालीच तर प्रतिक्रिया असल्यास त्याच चिन्हावर पुन्हा दाबून ती काढता येते. मेसेज पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्त करता येतो, आणि साधारण दोन दिवसांपर्यंत सर्वांसाठी डिलीट करता येतो. तरीही कुणी पाहिलाच असेल, तेव्हा त्या घरच्या माणसाला वेगळा मेसेज करावा: "मघाशी चुकून भलतं चिन्ह गेलं, मनापासून क्षमस्व." त्या ओळीत इमोजी घालू नये.