जुन्या वाड्याचं लाकूड टिकवायचंय? आधी छत, पॉलिश सगळ्यात शेवटी

इंदूरला राजवाड्याच्या आसपास जे थोडेफार जुने लाकडी वाडे उरलेत तिथे दिवाळी आली की लोक खांबांना ऑइल पेंट फासतात आणि वर कौलं सरकलेली तशीच! लाकूड म्हातारं झालं म्हणून कुजत नाही हो, ओल मुरली की कुजतं, आतला ओलावा २० टक्क्यांच्या खाली ठेवला तर बुरशीला जगताच येत नाही. युरोप-अमेरिकेत लाकडी पुलांवर छत घालायचे ते मुख्यतः ह्याच्यासाठी.

म्हणून पावसाळ्याआधी कौलं आणि पन्हळ नीट करून घ्या. मग खाली बसा, खांब तळखड्यावर (खांबाखालच्या दगडी बैठकीवर) टेकतो तिथे बारीक स्क्रूड्रायव्हर टोचून बघा. चांगला सागवान दाद देत नाही, कुजलेलं लाकूड भसकन आत घेतं आणि हातोडीने ठोकलं की बद्द वाजतं. भिंतीत गेलेली तुळयांची टोकं पण अशीच तपासा, खरी घाण तिथे लपलेली असते. आणि कोणी चौकात टाइल्स बसवताना तळखडा सिमेंटमधे गाडला असेल (बहुतेकांनी गाडलाय) तर ते आधी फोडा, खांबाच्या बुडाशी पाणी धरून ठेवतं ते, तिथे चुनाच वापरा.

बूड कुजलं म्हणून अख्खा खांब बदलू नका. तुळईला टेकू आणि जॅक लावून कुजका भाग कापायचा आणि जुन्याच सागवानाचा तुकडा सांध्याने जोडायचा, नवं ओलं लाकूड घातलं तर ते सुकताना आकसतं आणि सांधा उघडतो. हे काम जुन्या सुताराचंच, प्लायवुडवाल्याला हात लावू देऊ नका. टेकू किती, कुठे हे मात्र इंजिनिअरला विचारा.

वाळवीसाठी बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडचं पाणी उघड्या लाकडावर ब्रशने मारा, रंग असेल तर आधी खरवडा नाहीतर आत जाणारच नाही. पावसात ते धुऊन जातं, म्हणजे पुन्हा छतच आलं. नीट वाळलं की अळशीच्या तेलाचा पातळ हात, बस.

वायरिंग जुनं असेल तर ते पॉलिशच्या आधी बदला. आग कशानेही लागो, लाकूड पेटतंच: १९८४ च्या दंगलीत राजवाडा पेटला होता आणि त्याचे वरचे मजले लाकडीच, स्वित्झर्लंडमधल्या लुत्सर्नचा छताचा लाकडी पूलही १९९३ मधे बराचसा जळाला. अळशीच्या तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात ती, बाहेर पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.