धूसर दिसण्याची सवय झाली म्हणजे नंबर उतरला असं नाही: या चुका टाळा

चष्मा काही दिवस काढून ठेवला आणि बिनचष्म्याचं बरं दिसायला लागलं की लोक नंबर उतरला असं धरून चालतात. तपासणीच्या खोलीत हे मी सतत ऐकतो.

मायनस दीड नंबरचा, म्हणजे लांबचं धूसर दिसणारा एक तरुण महिनाभर चष्म्याविना राहून आला. तक्त्यावर पूर्वीपेक्षा दोन ओळी जास्त वाचल्या आणि खूश झाला. रेटिनोस्कोपने, म्हणजे डोळ्यात प्रकाश टाकून नंबर मोजणाऱ्या उपकरणाने पाहिलं तर नंबर तोच, मायनस दीड. त्याला पटेना. ट्रायल फ्रेममध्ये (तपासणीच्या चष्म्यात) त्या नंबरची काच घातल्यावर सगळ्यात खालची ओळही त्याने सहज वाचली, तेव्हा गप्प झाला. आणि तो रोज रात्री तसाच बाईक चालवत होता! अंधारात बाहुली मोठी होते आणि धूसरपणा आणखी वाढतो.

सुधारतो तो मेंदू. सतत धूसर चित्र मिळालं की तो त्यातल्या कडा उठावदार करून घेतो. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चांगल्या नजरेच्या लोकांना १ डायॉप्टरची (म्हणजे एक नंबरची) धूसर करणारी काच लावली, तर ३० मिनिटांतच ते तिच्यातून आधीपेक्षा बरं वाचू लागले. डोळ्यात काहीही बदललं नव्हतं. बुबुळापासून पडद्यापर्यंतची लांबी १ मिलिमीटरने वाढली की साधारण अडीच ते तीन मायनस नंबर येतो. ती लांबी व्यायामाने कमी होत नाही. ‘चष्मा घालवा’वाले झटपट उपाय मला म्हणूनच संताप आणतात. म्हणून मी आधी रेटिनोस्कोप हातात घेतो, तक्ता नंतर.

नवा सिलिंडर नंबर (ठरावीक दिशेतला धूसरपणा घालवणारा) लागला की जमीन तिरकी वाटते. दोन तासांत चष्मा परत आणू नका. सकाळी उठल्यापासून घाला, आठवडाभर तरी सलग. घालून-काढून मेंदूला सवय होत नाही. दोन आठवड्यांनंतरही त्रास राहिला तर नंबर पुन्हा तपासून घ्या.

मुलांना मुद्दाम गरजेपेक्षा कमी नंबरचा चष्मा देऊ नका. मलेशियातल्या २००२ च्या अभ्यासात अशा मुलांचा नंबर उलट जास्त वेगाने वाढला.

डोळे बारीक करून तक्ता वाचू नका, त्याने खोटा निकाल मिळतो.

मूल तक्रार करत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ज्याने स्पष्ट कधी पाहिलंच नाही ते काय सांगणार? एकेक डोळा झाकून बघा. आळशी डोळ्यावर, म्हणजे मेंदू नीट वापरत नाही अशा कमी दिसणाऱ्या डोळ्यावर, उपचार लहानपणीच जास्त लागू पडतात.

आणि एकाच डोळ्याला अचानक धूसर दिसलं, तर सवय होण्याची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.