औषधांची पेटी घरीच राहू द्या

एखाद्या चर्चच्या मंडळीने वस्तीत आरोग्याची सेवा सुरू करायचं ठरवलं की पहिला प्रश्न हमखास येतो : डॉक्टर कोण येणार आणि औषधं किती न्यायची? मी मिशन हॉस्पिटलात परिचारिका होते, आता अशा गटांना शिकवते. माझं उत्तर ऐकून बरेच जण हिरमुसतात. पहिल्या भेटीला काही नेऊ नका. गोळ्या नकोत, जुने कपडे नकोत, बॅनर तर नकोच. पहिल्या दिवशी जे वाटाल त्यावरून तुमची ओळख ठरते. गोळ्या वाटल्यात तर तुम्ही गोळ्यावाले. मग पुढच्या खेपेला तुम्ही हात धुण्याबद्दल बोलायला लागलात, तर लोक तुमच्या पिशवीकडेच बघत राहणार.

बायबलमधल्या नहेम्याच्या पुस्तकाचा दुसरा अध्याय काढा. यरुशलेमेत पोचल्यावर तो तीन दिवस गप्प होता. मग रात्री मोजकी माणसं घेऊन पडलेला तट बघून आला, आणि त्यानंतर लोकांशी बोलला. तिसऱ्या अध्यायात कितीतरी जण आपापल्या घरासमोरचा तट बांधताना दिसतात. आपल्या सेवेत हे दोन्ही अध्याय गाळून थेट उद्घाटनाचा कार्यक्रम होतो.

तेव्हा सुरुवातीचे काही महिने फिरा, बसा, विचारा. पाणी कुठून येतं, कोण भरतं? बाळंतपणाला कुणाला बोलावतात? लेकरू रात्री तापलं तर पहिला सल्ला कुणाचा? पंप बंद पडला की तो उघडता येणारा कुणी आहे का? आणि एक प्रश्न विसरू नका : तुमच्याआधी कोणती संस्था येऊन गेली, आणि तिने उभं केलेलं आज कोण वापरतं? कुलूप लागलेली एखादी खोली तुम्हाला कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा जास्त शिकवेल.

मग सभा घ्या. भाषण नको, नाटुकलं करा. समुदाय-आरोग्याच्या प्रशिक्षणात नदीचा एक खेळ फार चालतो. जमिनीवर दोन दोऱ्या टाका, ही नदी. मध्ये कागदाचे काही तुकडे, हे दगड. तिघांपैकी एकाला वाट माहीत आहे, दोघांना नाही. वाटाड्या पहिल्याला पाठुंगळी घेतो, पण निम्म्यात दमतो आणि त्याला मधल्या बेटावर उतरवतो. दुसऱ्याचा हात धरून त्याला दगड दाखवतो, आधी भीत भीत आणि मग स्वतःच्या पायाने पलीकडे जायला लावतो. बेटावरचा माणूस तिथेच अडकून ओरडत राहतो. इथे लोक खूप हसतात. हसू द्या.

त्यानंतर प्रश्न याच क्रमाने विचारा : काय दिसलं? नेमकं काय झालं? असं आपल्याकडे होतं का? का होतं? मग आपण काय करायचं? ‘का’पाशी शांतता पसरते, आणि आपल्या लोकांना ती सोसत नाही. विशेषतः पाळकांना, म्हणजे चर्चच्या पाद्र्यांना. कुणीतरी उठून उत्तर देऊन टाकतं आणि तिथेच सभा संपते. गप्प बसा. उत्तर मागच्या ओळीतून येतं, बहुतेक वेळा एखाद्या बाईकडून.

समिती लोकांनी निवडावी. ती सगळी मंडळीच्याच सभासदांची झाली तर बाकीची वस्ती ‘ते त्यांचं काम’ म्हणून अंग काढून घेते. आरोग्यसेविकाही लोकांनीच निवडावी, आणि शिक्षणाची अट घालून बसू नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली जामखेडला काम सुरू केलं. तिथे पाटीवर कधी अक्षर न गिरवलेल्या बायका गावाचं आरोग्य सांभाळायला शिकल्या. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मी शिकवताना पुरस्काराबद्दल थोडं आणि त्या बायकांबद्दल जास्त बोलते.

सेविकांना एका वेळी एकच गोष्ट शिकवा. जुलाबापासून सुरू करा. ओआरएसची पुडी मिळत असेल तर तीच वापरावी. नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा सपाट चमचा मीठ. इथे ‘सपाट’ हा शब्द बोटाने चमचा निरपून दाखवा. मीठ जास्त झालं तर बाळाला अपाय होतो, म्हणून पाजण्याआधी चव घ्यायची. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. तुमचं मापाचं भांडं फक्त एकदाच वापरा, तिच्या घरच्या भांड्यात लिटर कुठवर येतं ते ठरवायला. तिथे खूण करा आणि तुमचं भांडं परत न्या. तुम्ही दिलेला प्लॅस्टिकचा चमचा हरवला की उपचारही हरवतो. घरचा चमचा घरातच असतो. शौचात रक्त, खोल गेलेले डोळे, पाणीही न पिणारं मूल : अशा वेळी घरी थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

पुढे श्वास मोजणं. मूल शांत असताना, पूर्ण एक मिनिट. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका धरायची. दंडाचा घेर मोजायची पट्टी सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांसाठी, घेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली म्हणजे तीव्र कुपोषण. एवढं पक्कं झाल्याशिवाय नवा विषय काढू नका.

आता सुवार्तेबद्दल, म्हणजे ख्रिस्ताचा संदेश सांगायचा का याबद्दल, कारण हा प्रश्न मला मधल्या सुट्टीत हळू आवाजात विचारला जातो. तुम्ही ख्रिस्ती आहात हे पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगा. लपवाछपवी हा खोटेपणाच. पण तपासणीआधी प्रार्थनेला बसण्याची सक्ती नको, उपासनेला येणाऱ्यांचा नंबर आधी नको, आईबापांना न विचारता मुलांचे वर्ग नकोत. प्रभू येशूने दहा कुष्ठरोगी बरे केले. आभार मानायला एकच परतला. उरलेल्या नऊ जणांचं बरेपण काही त्याने काढून घेतलं नाही. कुणी विचारलं, तर जरूर बोला.

पैशाचा नियम माझ्या मते कडक हवा. वस्तीने आधी स्वतःचं काही घालावं : पैसे, श्रम, जागा, जे जमेल ते. आणि जे तिथे दुरुस्त होत नाही, ते तिथे बसवू नये. देणगीदार नाराज होतील, होऊ द्या. हेन्री वेन आणि रूफस अँडरसन या मिशन-संस्थांच्या चिटणीसांनी एकोणिसाव्या शतकातच सांगितलं होतं की मिशनने उभी केलेली मंडळी आपला खर्च, आपला कारभार आणि आपला प्रसार स्वतः करणारी असावी. दवाखान्यांना ते लागू व्हायला फार उशीर लागला. जागतिक चर्च परिषदेने १९६८ मध्ये ख्रिस्ती वैद्यकीय आयोग नेमला. त्यातल्या चर्चेचा, जामखेडसारख्या अनुभवांचा धागा पुढे प्राथमिक आरोग्यसेवेवरच्या १९७८ च्या अल्मा-आता इथल्या आंतरराष्ट्रीय परिषदेपर्यंत, म्हणजे ‘सर्वांसाठी आरोग्य’ या घोषणेपर्यंत गेला.

निघण्याची तारीख पहिल्याच वर्षी समितीसमोर लिहून ठेवा. भेटी आधी आठवड्याला, मग महिन्याला, मग बोलावलं तरच. तुम्हाला न विचारता त्यांनी एखादी गोष्ट ठरवली आणि ती तुम्हाला पटली नाही, तरी लगेच मोडता घालू नका. जिवाला धोका असेल तरच बोला.

नोंदवही सेविकेकडेच राहते. ती चित्रं काढून, रेघा मारून ठेवत असेल तरी चालेल. अहवालाला आकडे हवे असतील तर तिच्या शेजारी बसून, तिला विचारून उतरवून घ्या. रुग्णांची नावं घेऊ नका. आणि ‘उद्या आणून देतो’ म्हणून वही गाडीत टाकू नका.