ड्राफ्ट हुकलेल्या रिसीव्हरसारखी तयारी, सांगलीच्या मैदानावर

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग. तिच्या ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, सात फेऱ्यांत ज्याचं नाव येत नाही, त्याला संघ नंतर थेट करारावर घेऊ शकतात. कॅम्पला ९० जण असतात, सीझनच्या तोंडावर उरतात ५३. वगळलेल्याला दुसऱ्या संघाने उचललं नाही, तर १६ जणांच्या प्रॅक्टिस स्क्वॉडमध्ये (सरावापुरत्या राखीव गटात) जागा मिळू शकते. अशा रिसीव्हरला, म्हणजे फेकलेला बॉल झेलणाऱ्याला, संधी मोजक्याच मिळतात, त्यामुळे नुसत्या वेगावर भागत नाही. हात पक्के हवेत.

बॉल मोठ्या मापाचाच घ्या, लहान मुलांचा नको. वजन ४०० ते ४२५ ग्रॅम, लांबी साधारण २८ सेंटिमीटर, हवा १३ पीएसआय. पंपाची सुई ओली करूनच घाला, नाहीतर व्हॉल्व्ह फाटतो.

क्रिकेट खेळून आलेली मुलं बॉल छातीशी ओढून घेतात. इथे ती सवय नडते, कारण फिरत येणारा टोकदार बॉल छातीवर आपटून उडतो. बॉल छातीच्या वर असेल तर दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जवळ आणा, कमरेखाली असेल तर करंगळ्या. हात शरीरापुढे ठेवा आणि बॉल बोटांत झेला. तळहातावर ‘थप्प’ असा आवाज आला, तर समजा बोटं उशिरा मिटली. बॉल काखेत दाबला जाईपर्यंत नजर त्याच्यावरच हवी. बहुतेक कॅच पळायच्या घाईत सुटतात. रोज पाच मीटरवरून पन्नास झेल घ्या, मग अंतर वाढवा.

आता रूट, म्हणजे पळायचा ठरलेला मार्ग. ‘आउट’ म्हणजे सरळ पळून बाजूच्या रेषेकडे वळणं. त्यासाठी ९ मीटरवर फक्कीची रेघ मारा. तिथपर्यंत सुसाट पळा, शेवटच्या तीन पावलांत कंबर खाली घ्या, उजवीकडे वळायचं तर डावा पाय रोवा. त्याआधीच खांदे उचलले की बचाव करणाऱ्याला वळण कळतं. रेघेच्या मीटरभर अलीकडे वळलात तर क्वार्टरबॅकचा (बॉल फेकणाऱ्याचा) बॉल तुमच्या मागे पडतो. आपल्याकडची काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, घोटा मुरगळतो. पाय रोवायची जागा आधी चालून बघा. पावसाळ्यात ती बुटांना चिकटते, तेव्हा रूट बंद ठेवा आणि नुसते झेल घ्या.

स्पेशल टीम्स, म्हणजे किकच्या वेळी उतरणारे गट, मात्र टाळू नका. ॲडम थीलन २०१३ मध्ये ड्राफ्टशिवाय मिनेसोटा वायकिंग्जकडे आला, पहिलं वर्ष प्रॅक्टिस स्क्वॉडवर काढलं. २०१४ मध्ये त्याने पंट (हातातून सोडून मारलेली लांब किक) अडवून टचडाउन केला, म्हणजे बॉल समोरच्यांच्या गोलरेषेपार नेला; प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्याचे मान नंतरचे, २०१७ आणि २०१८ चे. पंट झाल्यावर तो झेलणाऱ्याकडे सर्वात आधी धावून जाणाऱ्याला गनर म्हणतात, आणि कबड्डी खेळलेल्या मुलाला हे काम लवकर जमतं. सराव असा: ४० मीटर पूर्ण वेगात, शेवटचे पाच मीटर पावलं बारीक करून, बॉल झेलणाऱ्याच्या कमरेवर नजर ठेवून. पावलं बारीक केली नाहीत, तर तो एका झुकांडीत निसटतो.